मामांची मूठ, मॅडमची शीट : एस कोण आणि एन कोण?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतलं, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यातलं, हे प्रकरण. कारखान्याचं नाव देत नाही, माणसांचीही नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. पात्रं दोन. मोल्डिंगचे, म्हणजे साचे बनवण्याच्या खात्याचे, जुने फोरमन, ज्यांना गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे ‘मामा’ म्हणतात. आणि क्वालिटीत लागलेली एक तरुण इंजिनिअर, जिला मामांसकट सगळे ‘मॅडम’ म्हणतात.

एचआरने सगळ्या सुपरवायझरांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. मामांना ‘एन’ आलं, म्हणजे इंट्यूशन. मॅडमना ‘एस’, म्हणजे सेन्सिंग. त्यावरून मालकांनी कामं बदलली. मामांना नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटला बसवलं, कारण एन माणसाला पुढचं दिसतं. मॅडमना साच्याची वाळू तपासणाऱ्या सँड लॅबचं रोजचं काम दिलं, कारण एस माणूस आकड्याला पक्का. ऐन पावसाळ्यात दोघंही ‘सोडून जातो’ म्हणायला लागले, तेव्हा माणसाचा टाइप, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा प्रकार, ओळखण्याचं काम करणाऱ्या मला बोलावणं आलं.

मालकांनी विचारलं, चाचणी चुकली का माणसं? दोन्ही अक्षरं उलटी पडली होती, असं माझं मत झालं. ते कशावरून झालं, कुठे शंका राहिली, आणि मामांसारखा माणूस एन का ठरतो, हे इथे सविस्तर मांडतो. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ही चूक फक्त या कारखान्यात होत नाही.

चौकट काय आहे

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या मांडणीत मनाची चार कामं आहेत. दोन माहिती आत घेण्याची : सेन्सिंग आणि इंट्यूशन. दोन तिच्यावर निवाडा करण्याची : थिंकिंग आणि फीलिंग. पहिल्या दोघींना युंग ‘इरॅशनल’ म्हणतात. वेडगळ या अर्थाने नव्हे. त्या तर्क करून निष्कर्षाला येत नाहीत, त्यांना जे मिळतं ते आयतं समोर उभं राहतं, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य बहुतेक लोक वाचून सोडून देतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कारण सेन्सिंगचं ज्ञानही झटक्यात येतं आणि इंट्यूशनचंही. दोघांनाही ‘कसं कळलं?’ असं विचारलं तर पहिलं उत्तर ‘कळलं बुवा’ हेच असतं.

फरक आहे तो लक्ष कुठे जातं यात. सेन्सिंग ज्याचं जोरदार, त्याचं लक्ष समोरच्या वस्तूवर टेकतं आणि तिथेच राहतं : रंग, ओल, आवाज, किती, कुठे, मागच्या वेळी कसं होतं. इंट्यूशन ज्याचं जोरदार, त्याचं लक्ष वस्तूला शिवून लगेच पलीकडे जातं : हे कशाचा भाग आहे, कशाकडे चाललंय, आणखी कशासारखं आहे. पहिल्याला वस्तू म्हणजेच माहिती. दुसऱ्याला वस्तू ही खूण.

युंग यांच्या मांडणीवर कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बांधायला घेतली. १९६२ साली अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने ती संशोधनासाठी प्रसिद्ध केली. हीच पुढे एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) म्हणून जगभर गेली. या फौंड्रीत मात्र एमबीटीआय झालीच नव्हती. इंटरनेटवरची एक फुकट चाचणी, एचआरच्या मुलाने प्रश्न मराठीत वाचून दाखवायचे आणि उत्तर मोबाइलवर टिपायचं, असा प्रकार होता. मूळ चाचणीच्या ‘फॉर्म एम’मध्ये ९३ प्रश्न आहेत, त्यातले २६ एकट्या एस-एन भेदासाठी. इथे किती होते ते मोजायला कुणी थांबलं नाही. शिवाय मूळ चाचणीवरचे जुने आक्षेप आहेतच. गुणांचे दोन वेगळे ढीग पडत नाहीत, बरीचशी माणसं मधल्या पट्ट्यात असतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की पुष्कळांचं एखादं तरी अक्षर बदलतं. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला अक्षर चिकटवणं म्हणजे वाऱ्याला गाठ मारणं. मामांचा एन निसटता होता, हे निकालाच्या पानावर टक्केवारीसकट छापलेलं होतं. वाचलं कुणी नाही.

तरीही एस-एन हा भेद निव्वळ हवा आहे असं मी म्हणणार नाही. मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये एमबीटीआयची तुलना व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांच्या मापनाशी केली, तेव्हा हा भेद ‘ओपननेस’ (नव्या गोष्टींबद्दलचा खुलेपणा) या घटकाशी सुमारे ०.७ इतका जुळला. म्हणजे खाली काहीतरी खरं आहे. अक्षर ढोबळ आहे, खालचा कल ढोबळ नाही.

मामा ‘एन’ कसे झाले

कारखाना ग्रे आयर्नचं ओतकाम करतो. पंपाच्या बॉडी, गिअरबॉक्सची हाऊसिंग असा माल. साचे ग्रीन सँडचे, म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी. पाण्याचं प्रमाण साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास सांभाळावं लागतं. कमी झालं तर साचा ढासळतो, जास्त झालं तर धातू ओतल्यावर वाफ आतच अडकते आणि ब्लोहोल, म्हणजे मालात पोकळ भोकं, येतात. लॅबमध्ये यंत्र आहे. पण मामा यंत्राच्या आधी मूठभर वाळू दाबतात, मोडतात, मोडलेली कड बघतात आणि सांगतात. यंत्राचा आकडा मागून येतो आणि बहुतेक वेळा मामांच्या बाजूने येतो.

यावरून कारखान्यात आख्यायिका तयार झाली : मामांना आतनं कळतं. चाचणीत प्रश्न आला, ‘तुम्ही आतल्या आवाजावर विश्वास ठेवता का?’ मामांनी लोक म्हणतात तेच सांगितलं. दुसरा प्रश्न, ‘निर्णय घेताना आकडे बघता का?’ मामा म्हणाले, ‘आकडं काय, ते मागनं येतात.’ दोन्ही उत्तरं खरी, आणि दोन्ही एनच्या खात्यात जमा झाली.

मी मामांना विचारलं, आतनं म्हणजे नक्की कुठनं? ते हसले. ‘सर, आतनं-बितनं काय न्हाई. मी हात घालतो वाळूत. बोटाला कळतंय. हात घालू नका म्हटलासा तर मला काय बी कळणार न्हाई.’

मला त्यांच्याकडून आणखी काही ऐकायची गरज नव्हती, पण मालकांना होती.

निर्णय कसे घेतले जातात याचा अभ्यास करणारे हर्बर्ट सायमन यांनी तज्ज्ञांच्या अशा ‘आतून कळण्या’चा खुलासा ओळख या एका गोष्टीवर आणून ठेवला आहे. बुद्धिबळातल्या उस्तादाला पट बघताच चाल सुचते, कारण तशा मांडण्या त्याने हजारोंनी पाहिलेल्या असतात. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये हेच पाहिलं. पुढे २००९ मध्ये क्लाइन आणि डॅनियल कानेमन यांनी मिळून अटी सांगितल्या : परिस्थितीत नियमितपणा हवा, आणि आपण बरोबर होतो का चूक, हे लवकर कळायला हवं. फौंड्रीत दोन्ही आहे. आज दाबलेली वाळू उद्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल साफ करतात तिथे, जाब देते. मामांची मूठ त्या जाबावर घडलेली आहे.

ही ओळख युंग ज्याला इंट्यूशन म्हणतात ती नव्हे. ही सेन्सिंगची कमाई आहे. वर्षानुवर्षं नेमक्या ओलीकडे, नेमक्या वासाकडे लक्ष देऊन साठलेला माल, जो गरज पडली की एका क्षणात वर येतो. शब्दांत सांगता येत नाही म्हणून तो गूढ होत नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या कढईतला पाक बघून उतरायची वेळ सांगतो, त्याला आपण द्रष्टा म्हणत नाही. पण त्याच माणसाला इंग्रजी चाचणीपुढे बसवलं की तो एन होतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहितो, कारण एचआरच्या मुलाने ती पुराव्यासारखी मांडली होती. मामा अमावास्येला नवा पॅटर्न (ज्यावरून साचा उठवतात तो नमुना) लावत नाहीत, आणि ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला न चुकता जातात. ‘म्हणजे स्पिरिच्युअल आहेत, म्हणजे एन.’ असा हिशेब लावला तर अर्धा जिल्हा एन होईल. रीत पाळण्यावरून टाइप कळत नाही, कुठलाच.

मॅडम ‘एस’ कशा झाल्या

याचं उत्तर छोटं आहे. त्यांच्या टेबलावर फायली ओळीने लावलेल्या असतात आणि लॅपटॉपवर कायम एक्सेल उघडं असतं. मालकांनी आणि चाचणीनेही हे बघून एस म्हटलं. पण नीटनेटकेपणा, वेळेत काम संपवणं, यादी करून खुणा करणं हा जे-पी (जजिंग-पर्सीव्हिंग, म्हणजे आखून-ठरवून वागणं की मोकळं सोडणं) या चाचणीतल्या दुसऱ्या भेदाचा प्रांत आहे, एस-एनचा नव्हे. एन असूनही शिस्तीत राहणारे लोक भरपूर असतात. दुसरं म्हणजे त्यांना क्वालिटीत राहून ‘तथ्य महत्त्वाचं की शक्यता?’ असं विचारलं. ऑडिटच्या आठवड्यात क्वालिटीतला कुठला माणूस ‘शक्यता’ म्हणेल? त्यांनी नोकरीचं उत्तर दिलं, स्वतःचं नाही.

शीट मी उघडून बघितली. आठवड्याच्या नोंदींत मध्येच दोन-तीन पाळ्या कोऱ्या होत्या. पण शेजारी त्यांनी स्वतःहून एक स्तंभ घातला होता, जो फॉर्ममध्ये नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता : ‘मागच्या सुट्टीपासून किती दिवस’. लॅबमधल्या आधीच्या मुलाच्या वहीत एकही रकाना कोरा नव्हता, आणि असा एकही स्तंभ नव्हता. एस-एनचा फरक कागदावर बघायचा झाला तर या दोन वह्या शेजारी ठेवाव्यात. मॅडमना नोंद ही नोंद म्हणून कंटाळवाणी वाटते, तिच्यातून काय निघतं तेवढ्यापुरता तिचा उपयोग.

त्या मला म्हणाल्या, ‘दिवसातून तीनदा मॉइश्चर काढायचं आणि लिहायचं. आकडा मर्यादेत आला की सगळ्यांच्या दृष्टीने काम संपलं. तो मर्यादेत का आहे आणि उद्या का नसेल, हे कुणी विचारतच नाही.’ बदलीनंतर मामा दुसऱ्या टोकाला हेच भोगत होते. ‘पार्ट अजून बनलाच न्हाई, आन् मला विचारालेत काय हुईल म्हणून. काय बघून सांगू?’ डेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये ड्रॉइंगवर बोटं ठेवून सगळे बोलायचे, मामा गप्प बसायचे. मालकांना वाटलं, मामा रुसलेत.

मुलाखत : पुराचा प्रश्न

टाइप ओळखायला शिकवताना एक सफरचंद दाखवून वर्णन करायला सांगायची पद्धत आहे. लाल, गोल म्हणाला तर एस. न्यूटन आठवला तर एन. मला ती फारशी पटत नाही. लोकांना पाच मिनिटांत कळतं की काय अपेक्षित आहे. फौंड्रीतली वस्तू दाखवूनही उपयोग नसतो, कारण तिथे कामाची सवय बोलते, माणूस नाही. म्हणून मी विषय असा शोधतो की जो दोघांच्याही पोटापाण्याचा नाही, पण ज्यावर दोघंही आपणहून बोलतील. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये असा विषय शोधावा लागत नाही.

दोघांनाही वेगवेगळं बसवून एकच विचारलं : यंदा पाणी कितपत चढेल असं वाटतं? आणि मग मध्ये बोललो नाही.

मामा शहरात, नदीच्या बाजूला राहतात. त्यांनी सुरुवात केली ती सुतारवाड्यापासून. तिथे पाणी आलं की कुठल्या रस्त्याने कारखान्याला जायचं, जयंती नाल्याचं पाणी कसं उलटं फिरतं, व्हीनस कॉर्नरला कुठवर येतं. ‘एकोणीसला आमच्या दारातल्या दुसऱ्या पायरीला लागलं. एकवीसला त्याच्या बी वर. भिंतीवर खूण हाय, बघाय या.’ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पाठ असतं. पण कुठल्या फुटाला कुठली गल्ली, हा हिशेब मामांकडे चित्रासारखा आहे. २०१९ आणि २०२१ या दोन वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हाचा वास, चिखलाचा रंग, पुलावरच्या गाड्यांची रांग, सगळं जागच्या जागी. यंदाचं काय, या मूळ प्रश्नाला शेवटी उत्तर आलं : ‘अजून घाटाची कुठली पायरी बुडालीया ते बघून सांगतो.’

मॅडमनी पहिल्या वाक्यातच माझा प्रश्न बदलला. ‘पाऊस किती पडतो यापेक्षा राधानगरी धरण भरायच्या आधी पडतो की भरल्यावर, हे बघायला पाहिजे ना सर? भरल्यावर ते स्वयंचलित दरवाजे आपले आपण उघडतात. त्याच वेळी खाली नदीला फुगवटा असला तर पाणी जाणार कुठे? म्हणजे प्रश्न पावसाचा नाहीच, एकाच वेळी काय काय जुळून येतं त्याचा आहे.’ मग एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, ‘आमच्या ब्लोहोलचं पण असंच काहीतरी आहे बघा.’ मागच्या वर्षी पाणी किती फुटांवर गेलं होतं, असं मी शेवटी विचारलं. ‘चाळीस-बेचाळीस असेल काहीतरी.’ आकडा त्यांना ठाऊक नव्हता आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही.

इथे एक शंका रास्त आहे. मामांच्या दारात पाणी येतं, मॅडम गडहिंग्लजकडच्या, त्यांनी पूर टीव्हीवर बघितलेला. मग तपशील कुणाकडे असणार? म्हणून मी त्यांना त्यांच्या गावच्या हिरण्यकेशीबद्दल बोलायला लावलं. पुन्हा तोच प्रकार. नदी दोन वाक्यांत संपली आणि उसाचं क्षेत्र, बंधारे, विहिरींचं पाणी यांची एक साखळी उभी राहिली. लहानपणापासून बघितलेल्या घाटाच्या पायऱ्या किती, हे सांगता आलं नाही. मामांनाही उलट बाजूने तपासलं. ज्या गोष्टीचा अनुभव नाही अशी एक दिली : कारखान्यात रोबोट आला तर काय होईल? त्यांनी मलाच सहा प्रश्न विचारले. केवढा असतो, उचलतो किती, वीज किती खातो. रोबोटचं चित्र पुरं झाल्याशिवाय ते एक पाऊल पुढे सरकले नाहीत.

कोण हुशार, कोण दूरदर्शी, हा इथे मुद्दा नाही. मामांचा हिशेब पुरात जीव वाचवतो. मॅडमचा हिशेब धरणाच्या ऑफिसात लागतो.

कोअरचं प्रकरण

माझी खात्री मुलाखतीने झाली नाही. ती झाली आधीच घडून गेलेल्या एका घटनेने, जी दोघांनी मला स्वतंत्रपणे सांगितली.

पावसाळ्यात एका हाऊसिंगमध्ये ब्लोहोल यायला लागले. सगळ्यांचा संशय वाळूवर. लॅबचा आकडा तर मर्यादेत. काही आठवडे अशीच ओढाताण चालली. मग एकाच दिवशी, एकमेकांशी न बोलता, दोघं एकाच जागी पोचले : दोष साच्याच्या वाळूत नाही, कोअरमध्ये आहे, म्हणजे माल आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवतात त्या ठोकळ्यात.

मामा डेव्हलपमेंटच्या खोलीतून चहाला बाहेर आले होते. जाता जाता कोअरच्या रॅकवर हात गेला. हे कोअर सोडियम सिलिकेट घालून सीओटू गॅसवर घट्ट केलेले असतात. जास्त गॅस बसला आणि दमट हवेत पडून राहिले, तर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि कडा ठिसूळ होतात. ओलही ओढून घेतात. मामांनी नखाने कड खरवडली, ती झडली. बोटाला पांढरं लागलं. ‘एकोणीसला पूर उतरल्यावर असंच झालं व्हतं. तवा बी बोटाला असंच लागलं व्हतं.’ त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, ह्या रॅकचे कोअर आज लावू नका, वरच्या फळीचे चालतील. कारण काय, मोठं चित्र काय, यात पडले नाहीत. चहा पिऊन परत खोलीत गेले.

मॅडमनी तोवर कोअरला हातही लावला नव्हता. त्यांच्या त्या जादा स्तंभात दिसत होतं की रिजेक्शन साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी उसळतं आणि मग उतरतं. ठिपके थोडेच होते. संख्याशास्त्राच्या मास्तरांनी कान धरला असता, इतके थोडे. पण त्या म्हणाल्या, ‘सुट्टीत वाळू तर हलतच नाही, सकाळी नवीन मिक्स होते. मग असं काय आहे जे सुट्टीभर नुसतं बसून राहतं?’ तिथून उत्तर एकच उरतं. मी विचारलं, कुठल्या रॅकचे कोअर? त्यांना माहीत नव्हतं. वरच्या फळीचे चांगले आणि खालचे खराब, हे मामांनी बघितलेलं त्यांना माझ्याकडून कळलं, आणि लगेच त्या म्हणाल्या, ‘म्हणजे फरशीची ओल! मग पॅटर्न शॉपचे लाकडी पॅटर्न पण फुगत असणार.’ पॅटर्न शॉपचा विषय कुणी काढलाच नव्हता.

उत्तर एकच होतं, म्हणून उत्तरावरून टाइप ठरत नाही. वेगही दोघांचा सारखा. शब्दांत मांडता येण्यावरूनही ठरत नाही. मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना मांडता येतं, मामांना तितकं येत नाही, हा शिक्षणाचा फरक झाला. बघायचं ते एवढंच की वाट कुठून गेली आणि उत्तर मिळाल्यावर लक्ष कुठे गेलं. मामांची वाट बोटावरच्या पांढऱ्या भुकटीपासून त्याच भुकटीच्या जुन्या आठवणीकडे गेली आणि पुन्हा याच रॅककडे आली. मॅडमची वाट आकड्यांच्या आकारापासून न बघितलेल्या वस्तूकडे गेली, आणि उत्तर मिळाल्यावर तिथे न थांबता पुढच्या इमारतीत शिरली.

युंग यांनी या दोन्ही कामांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे आणखी दोन-दोन प्रकार केले आहेत. समोरचा क्षण मनातल्या साठ्याशी ताडून बघणं अंतर्मुख सेन्सिंगमध्ये येतं, आणि मामांचं वर्णन तिथे चपखल बसतं. मॅडमचं एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं फांद्या फुटणं बहिर्मुख इंट्यूशनसारखं दिसतं. पण हे मी अहवालात कंसातही घातलं नाही. मालकांना एक अक्षर दिलं तर त्यांनी माणसं हलवली होती. दोन दिली असती तर काय केलं असतं कोण जाणे.

विरोधात जाणारं

मामांनी लाकडाचा एक गेज बनवलाय. कोअर साच्यात बसवताना तो तिरका गेला की लगेच कळतं. कल्पक काम आहे, दोन शेजारच्या कारखान्यांनी उचललंय. कल्पकता म्हणजे एन, असं समजणाऱ्यांसाठी हा मोठा पुरावा. पण गेज कसा सुचला ते विचारलं तर मामा सांगतात की मोल्डरचा अंगठा दर वेळी एकाच जागी अडतो, हे त्यांनी बघितलं, आणि त्या अंगठ्याच्या जागी लाकूड ठेवलं. एस माणसाची कल्पकता अशीच येते, हाताशी असलेल्या गोष्टीतून. इंटरनेटवर टाइपबद्दल जे लिहिलं जातं त्यात एन म्हणजे प्रतिभा आणि एस म्हणजे कारकुनी, असा सूर असतो. लिहिणारे बहुतेक स्वतःला एन समजतात, हे त्याचं कारण असावं. अमेरिकेतल्या नमुन्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक एस निघतात, ही गोष्ट अशा लिखाणात क्वचित दिसते.

मॅडमच्या बाबतीत खरी अडचण वेगळी होती. त्या कॅलिब्रेशनला कमालीच्या काटेकोर आहेत, मायक्रोमीटर हातात घेतला की एक रेषाही सुटत नाही. यावर मी बराच अडलो. शेवटी त्यांच्याच बोलण्यातून उलगडा झाला : तो काटेकोरपणा त्यांनी कष्टाने कमावला आहे, पहिल्या वर्षी एक लॉट परत आल्यानंतर. दिवसभर कॅलिब्रेशन केलं की संध्याकाळी डोकं दुखतं, असं त्या म्हणाल्या. मामा दिवसभर वाळूत हात घालून संध्याकाळी ताजेतवाने असतात आणि घरी जाऊन मळणीच्या गोष्टी सांगतात. कौशल्य आणि कल या वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी कौशल्य विचारते आणि निकालात कल छापते. तरीही मॅडमबद्दल माझी खात्री मामांइतकी नाही. मामांचा एस मी पैजेवर सांगेन, मॅडमचा एन पैजेवर नाही.

पुढे काय केलं

अहवालात पहिली ओळ अशी लिहिली की कामाची वाटणी अक्षरावरून करू नये, माझ्याही अक्षरावरून नाही. एमबीटीआय प्रकाशित करणारी कंपनीच सांगते की नोकरीच्या निवडीसाठी ही चाचणी वापरू नका. फुकटच्या नकलेवर माणसं हलवणं तर त्याहून वाईट.

मालकांनी दोघांना पुन्हा जागेवर नेलं, पण जुन्या जागेवर जसंच्या तसं नाही. मामा फ्लोअरवर आले आणि त्यांना कुठलाही रॅक थांबवायचा अधिकार लेखी मिळाला. आधी तो तोंडी होता, म्हणजे घाईच्या दिवशी नव्हताच. मॅडम डेव्हलपमेंटला गेल्या. लॅबच्या रोजच्या नोंदी जुन्या मुलाकडे, ज्याला त्या लिहायला आवडतात. कोअरचे रॅक फरशीवरून उचलून बंद खोलीत गेले, आधी बनलेला कोअर आधी वापरायचा असा नियम झाला, आणि हाऊसिंगचे ब्लोहोल कमी झाले. याचं श्रेय टाइप ओळखण्याचं नाही, फरशी सुटली त्याचं आहे.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. मॅडमनी नव्या पार्टची रचना झपाट्याने पुढे नेली आणि कोअर प्रिंटला (साच्यात कोअर टेकतो त्या खाचेला) लागणारी फट द्यायची विसरल्या. पहिला कोअर साच्यात बसेना. मामांनी बोलावून दाखवलं, म्हणाले, ‘पोरी, हितं नख तरी जाया नको का?’ त्या चिडल्या, मग दुरुस्त केलं. मामांनी मात्र सुट्टीआधी किती कोअर बनवायचे याचा मॅडमनी आखलेला तक्ता अजून मान्य केलेला नाही. मला रॅकवर दिसतंय की, तक्ता कशाला, असं त्यांचं म्हणणं. या वादात मी पडलो नाही.

मालकांनी नंतर उरलेल्या सुपरवायझरांचीही अक्षरं काढून मागितली, भिंतीवर लावायला. मी ते काम घेतलं नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एकच विचारा, असं सुचवलं : तुमच्या हातून निस्तरलेली एखादी भानगड पहिल्यापासून सांगा. ऐकताना मध्ये बोलू नका, आणि तो पहिल्यांदा काय बघितलं म्हणतो तेवढं लिहून ठेवा. फेटलिंगच्या सुपरवायझरची गोष्ट मालकांनी ऐकली आहे. त्यात त्याने पहिल्यांदा बघितलं ते ना वस्तू ना आकार, तर दोन कामगारांची एकमेकांकडे फिरलेली पाठ. ते कुठे मांडायचं, म्हणून मालकांचा परवा फोन आला होता. ते एस-एनच्या खात्यात येत नाही, त्याच्यासाठी वेगळं पान काढा, असं मी सांगितलं.